फॉर्म, पोल की तासाचं रेकॉर्डिंग?

आपलं शिकवणं मुलांपर्यंत कितपत पोचतंय हे तपासायला तीन डिजिटल मार्ग सहज हाताशी आहेत: ऑनलाइन अभिप्राय फॉर्म, चालू तासातला पोल आणि स्वतःच्या तासाचं रेकॉर्डिंग. तिन्ही एकदम सुरू केले तर माहितीचा ढीग साचतो आणि तो वाचायला कुणालाच वेळ नसतो. निवडायचाच तर एक निवडा. आपल्याला नेमकं काय कळत नाहीये, यावर तो कोणता ते ठरेल.

वर्ग गप्प बसतो आणि कारण समजत नाही, अशी अडचण असेल तर गूगल फॉर्म्स पुरतो. पण पाचपैकी तारे मागू नका. संशोधक बॉब उट्ल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि त्यांचं प्रत्यक्ष शिकणं यांत संबंध आढळला नाही. त्यापेक्षा दोनच प्रश्न विचारा: कुठे अडलं? कशामुळे सोपं गेलं? तेही सत्राच्या मध्यावर. शेवटी आलेल्या सूचनेचा फायदा पुढच्या तुकडीला होतो, सूचना करणाऱ्याला नाही. एक मेख लक्षात ठेवा. ‘एकालाच एक प्रतिसाद’ ही सेटिंग लावली की लॉगिन करावं लागतं. नाव तुमच्यापर्यंत पोचो न पोचो, मुलं हात राखूनच लिहितात.

मेंटीमीटरसारखा पोल, म्हणजे मुलं फोनवरून उत्तर देतात आणि निकाल लगेच पडद्यावर येतो, तो वेगळ्या कामाचा. संकल्पना समजली की नाही, हे तिथल्या तिथे दिसतं आणि लगेच मागे जाऊन पुन्हा समजावता येतं. मात्र ‘नाही समजलं’ एवढंच कळतं, ‘का’ ते नाही. कहूट या खेळासारख्या प्रश्नमंजुषेत सहसा वेगालाही गुण असतात, त्यामुळे विचार करून उत्तर देणारा मागे पडतो. उजळणीला मजा येते, आत्मपरीक्षणाला फारसा उपयोग नाही.

माझा कल रेकॉर्डिंगकडे आहे, तेही फक्त आवाजाच्या. व्हिडिओत आपलं लक्ष स्वतःच्या हातवाऱ्यांवर आणि कपड्यांवरच जातं, शिवाय मुलांचे चेहरे येतात म्हणून संमतीचा प्रश्न जास्त नाजूक होतो. आवाजासाठीही परवानगी घ्यावीच, पण फोनचा रेकॉर्डर टेबलावर ठेवला की काम झालं. सगळा तास ऐकत बसू नका. दहा मिनिटं ऐका आणि एकच गोष्ट मोजा: प्रश्न विचारल्यावर आपण किती थांबतो. शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात विज्ञानाच्या वर्गांत हे मोजलं. शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत होते. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तेव्हा उत्तरं लांबली आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलू लागली. ही सवय कुठलाही फॉर्म पकडणार नाही, कारण आपल्याला विचार करायला वेळच मिळाला नाही, हे विद्यार्थ्याच्याही ध्यानात येत नाही.

तेव्हा नवीन तुकडी असेल तर फॉर्म घ्या, अवघड धड्याला पोल घ्या आणि तेच ते शिकवून वर्षं उलटली असतील तर रेकॉर्डिंग करा. वर्गात सात-आठच विद्यार्थी असतील तर फॉर्मच्या फंदात पडू नका. लिहिण्याच्या धाटणीवरून कुणी लिहिलंय ते तुम्ही ओळखणार आणि हे त्यांनाही ठाऊक असतं. तिथे एखाद्या सहकाऱ्याला वर्गात बसवावं, तुम्ही बाहेर थांबावं आणि मुलांचं म्हणणं त्याच्याकडून नावांशिवाय ऐकावं.