क्यूजीआयएस : अंजनेरीच्या वनस्पती-सर्वेक्षणाची आखणी करताना

नाशिकमधील महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना आणि हौशी निसर्ग-अभ्यासकांना स्तरित नमुना निवडीची (म्हणजे क्षेत्राचे सारख्या परिस्थितीचे भाग, अर्थात स्तर, पाडून प्रत्येकातून यादृच्छिक बिंदू घेण्याची) आखणी करण्यासाठी क्यूजीआयएस ही विनामूल्य, मुक्त स्रोत नकाशा-प्रणाली पुरेशी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र स्तर कोणते धरायचे आणि कोणत्या स्तराला किती बिंदू द्यायचे, हे ती ठरवत नाही. त्यासाठी तो डोंगर माहीत असावा लागतो.

नाशिकजवळचा अंजनेरी डोंगर हे याचे चांगले उदाहरण आहे. पायथ्याचे जंगल, तीव्र उतार, बेसाल्टचे कडे आणि वरचे गवताळ पठार यांवरील वनस्पती वेगवेगळ्या असतात, आणि २००६ मध्ये नवीन जाती म्हणून नोंदलेली सेरोपेजिया अंजनेरिका ही कंदीलपुष्पाची जाती तर या डोंगराच्याच नावाने ओळखली जाते. येथे केवळ पायवाटेच्या कडेने क्वाड्रॅट (वनस्पती मोजण्याचे ठराविक मापाचे चौकोन) टाकले, तर हाती येणारी यादी डोंगराची नसून पायवाटेची असते.

एसआरटीएम या अवकाशातून केलेल्या रडार-मोजणीचा ३० मीटर विभेदनाचा (३० मीटरच्या चौकटींत नोंदलेला) उंचीचा डेटा घेऊन क्यूजीआयएसमध्ये उताराचा नकाशा सहज तयार होतो. उतारानुसार त्याचे वर्ग पाडून बहुभुज (नकाशावरील बंदिस्त आकृत्या) केले, की प्रत्येक स्तराचे तुकडे ‘डिझॉल्व्ह’ या साधनाने एकत्र करणे अत्यावश्यक आहे, कारण बहुभुजांत यादृच्छिक बिंदू टाकणारे साधन बिंदूंची संख्या प्रत्येक तुकड्याला स्वतंत्रपणे लावते. नकाशा यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपात असावा. अक्षांश-रेखांशांत ठेवल्यास बिंदूंमधील किमान अंतर मीटरऐवजी अंशांत मोजले जाते. बिंदू टाकणाऱ्या या साधनात बीजांक (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) देण्याची सोय आहे, आणि तो अहवालात नोंदवला तर त्याच नकाशावरून तेच बिंदू दुसऱ्यालाही पुन्हा काढता येतात. हा गुण मला सर्वांत मोलाचा वाटतो.

उणीव कड्यांपाशी जाणवते. अरुंद कडा ३० मीटरच्या चौकटीत हरवतो, शिवाय सपाट नकाशावर उभ्या खडकाचे क्षेत्र प्रत्यक्षापेक्षा फार कमी दिसते. समजा, पठार ६०, उतार ३० आणि कडे १० टक्के आहेत. क्षेत्राच्या प्रमाणात ४० बिंदू वाटले तर अनुक्रमे २४, १२ आणि ४ होतात. ज्या स्तरात मोजमापांतील चढउतार जास्त तिथे अधिक बिंदू द्यावेत, हे संख्याशास्त्रज्ञ नेमनने १९३४ मध्ये मांडलेले तत्त्व लक्षात घेऊन मी १६, १० आणि १४ अशी वाटणी करेन. मग संपूर्ण डोंगराची सरासरी काढताना प्रत्येक स्तराच्या सरासरीला त्याच्या क्षेत्राचा भार द्यावाच लागतो. हा हिशेब प्रणाली आपणहून करत नाही. विचरण (मोजमापांतील चढउताराचे माप) काढण्यासाठी प्रत्येक स्तरात किमान दोन बिंदू हवेत, हेही ती सांगत नाही.

पक्षी मोजण्यासाठी नांदूर मध्यमेश्वरच्या पाणथळ अभयारण्यात हीच पद्धत चालते, पण तेथे उघडे पाणी, पाणवनस्पती आणि चिखलवट काठ यांच्या सीमा पाण्याच्या पातळीबरोबर सरकतात. म्हणून स्तरांचा नकाशा गणनेच्या सुमारास घेतलेल्या सेंटिनेल-२ उपग्रहाच्या प्रतिमेवरून नव्याने करावा.

क्षेत्रावर जाण्यासाठी हाच प्रकल्प क्यूफील्ड या अ‍ॅपमध्ये मोबाइलवर नेता येतो. वनविभागाची परवानगी आधी घ्यावी, आणि पोहोचणे धोक्याचे ठरणाऱ्या बिंदूंसाठी त्याच स्तरातील राखीव बिंदू घरीच काढून ठेवावेत, म्हणजे डोंगरावर सोयीची जागा निवडण्याची वेळ येत नाही.