तीन बॉलचं यंत्र की ओठांचा चंबू? सीओपीडीवाल्यांसाठी

सीओपीडीत, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागण्याच्या जुनाट आजारात, श्वासाच्या व्यायामासाठी ते तीन बॉलचं स्पायरोमीटर (श्वास आत ओढला की बॉल वर जातात ते यंत्र) घ्यावं की नुसती चंबू करून श्वास सोडायची सवय लावावी, असं बरेच जण विचारतात. मी दोन्ही केलंय, यंत्र जवळपास सात महिने, म्हणून लिहितोय.

यंत्रात बॉल वर गेलेला डोळ्यांना दिसतो त्यामुळे हुरूप येतो, नातू शेजारी बसून मोजायचा म्हणून माझा खाडाही व्हायचा नाही. माझ्या मेहुण्याला बायपासनंतर दिलं होतं, त्याला छान मानवलं.

मला त्रास झाला तो तिसऱ्या बॉलचा. त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात, आणि दोन बॉल वर जाऊन तिसरा खाली नुसता थरथरत राहिला की राहवत नाही, मग आपण खांदे उचलून, मान ताणून जोर लावून ओढतो. पाच-सहा वेळा ओढलं की माझं डोकं हलकं व्हायचं आणि छाती गच्च भरल्यासारखी वाटायची, आणि हे रोज. शेवटी फिजिओ मॅडमना सांगितलं तर म्हणाल्या, "काका, तुमची अडचण हवा आत घेण्यापेक्षा बाहेर काढायची आहे, श्वास सोडताना तुमच्या नळ्या मिटतात आणि जुनी हवा आतच अडकते." म्हणजे मी सात महिने भरलेल्या पिशवीत अजून भरत होतो! (काही फिजिओ यंत्र उलटं धरून फुंकायला लावतात, ते मी केलेलं नाही.)

चंबूचं असं, की नाकाने दोन आकडे मोजत श्वास घ्यायचा आणि गरम चहावर फुंकर घालतो तसे ओठ करून चार आकडे सावकाश सोडायचा, जोर अजिबात नाही. वाट अरुंद झाली की आत थोडा दाब राहतो आणि नळ्या लगेच मिटत नाहीत. पूर्वी ठाणे स्टेशनचा पूल चढताना कठडा धरून तीनदा थांबायचो, मागून लोक ढकलायचे ते वेगळंच. आता पायरी चढताना श्वास सोडतो आणि बहुतेक वेळा एकदाच थांबतो. यंत्र घरी कपाटावर, दम लागतो पुलावर, तिथे ओठच कामाला येतात.

अर्थात प्रत्येकाची छाती वेगळी, डॉक्टरांना विचारून ठरवा आणि औषधाचा पंप (इनहेलर) मनाने बंद करू नका. चंबूची सवय मात्र दम लागलेला नसताना, घरी खुर्चीत बसून लावा, एकदम पुलावर जमत नाही, मला दोन आठवडे लागले.