व्हीलचेअरवरून डिस्नी वर्ल्ड: मिरजेच्या एका मामाचा अभिप्राय

मिरजेच्या उरुसात पाळण्याखाली उभं राहून चपला सांभाळायचं काम माझ्याकडे असायचं. बहिणी, आतेभाऊ, पुढे त्यांची पोरं, सगळी वर जाऊन किंचाळायची आणि मी खाली कुबडीला टेकून पर्सा, चपला आणि कुणाची तरी अर्धी भेळ धरून उभा. पाळणेवाला एकदा म्हणालाही होता, "बसा की साहेब, थांबवतो." पण थांबवला तरी बसायचा पाट कमरेएवढा उंच. वर चढवायचं म्हणजे चौघांनी काखेत हात घालायचे आणि बाकीच्या उरुसाने बघायचं. नको म्हटलं. त्यामुळे एकसष्टाव्या वर्षी भाची म्हणाली, "मामा, तू ये तर खरा, तुला डिस्नीला नेते," तेव्हा माझ्या मनात पहिलं हेच आलं की चपलाच सांभाळायच्या असतील तर एवढं विमान कशाला?

आधी माझ्या शरीराचा हिशेब सांगतो, कारण त्याशिवाय माझा अभिप्राय तुमच्या उपयोगाचा नाही. चौदा महिन्यांचा असताना पोलिओ. डाव्या पायात कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा), उजवा पाय निम्म्या ताकदीचा, हात मात्र भक्कम. कुबडी घेऊन चार-पाच पावलं टाकतो, खुर्चीतून बाकावर स्वतः सरकतो. त्यापुढचं सगळं व्हीलचेअरवर. सरकारी कागदावर मी दिव्यांग, नातेवाइकांत लंगडा मामा. मी स्वतः अपंग म्हणतो. तुम्हाला चार पावलंही टाकता येत नसतील, तर खालच्या काही गोष्टी तुमच्यासाठी वेगळ्या ठरतील. तिथे तसं लिहिलं आहे.

भाची अमेरिकेत, फ्लोरिडातल्या टँपाला असते. तिथून डिस्नी वर्ल्डचं ऑरलँडो गाडीने साधारण दीड तास. फेब्रुवारीत गेलो, ऊन बेताचं होतं. डिस्नी वर्ल्ड म्हणजे एक पार्क नव्हे, चार आहेत. आम्ही दोन केले: पहिल्या दिवशी अ‍ॅनिमल किंगडम, दुसऱ्या दिवशी मॅजिक किंगडम. एका दिवसात दोन उरकू नका, खुर्ची ढकलणाऱ्याच्या खांद्यांचा विचार करा. खुर्ची नसेल तर प्रवेशद्वारापाशी भाड्याने मिळते, बॅटरीची गाडीही मिळते. पण जो आधी येईल त्याला. मी माझीच नेली होती. आपल्या गादीची आपल्या बुडाला सवय असते.

पाकिटात यूडीआयडी कार्ड (आपल्या सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र), सिव्हिल हॉस्पिटलचं जुनं सर्टिफिकेट आणि रेल्वेचं सवलतीचं कार्ड, तिन्हींच्या झेरॉक्स काढून नेल्या होत्या. साक्षांकित. जावई हसले. गेटजवळच्या मदत कक्षात मी पाकीट पुढे केलं, तर तिथल्या मुलीने त्याकडे बघितलंसुद्धा नाही. "तुम्हाला खुर्चीतून उठून बसता येतं का?" एवढंच तिने विचारलं आणि कोणत्या राइडला खुर्चीसकट जाता येतं, कुठे खुर्ची सोडावी लागते, कुठे चालावंच लागतं याची माहिती दिली. आयुष्यभर अपंगत्वाची टक्केवारी सांगत आलेल्या माणसाला हा प्रश्न इतका सरळ वाटला की मी उगाच "अडुसष्ट टक्के" असंही सांगून टाकलं. तिला काही कळलं नाही.

आता रांगेबद्दल. आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज आहे की व्हीलचेअर असली की डिस्नीत थेट आत सोडतात. तसं नाही. रांगा रुंद केलेल्या आहेत, खुर्ची रांगेतूनच सरकत जाते. जिथे जुनी अरुंद रांग आहे, तिथे सध्याच्या प्रतीक्षेइतका वेळ मोजून परत यायची वेळ देतात. म्हणजे थांबायचं इतरांइतकंच. मला हे पटलं. बसलेल्या माणसाला रांगेचा काय त्रास?

ज्याला रांगेत थांबणंच शक्य नाही, त्याच्यासाठी वेगळी सोय आहे. तिला डीएएस म्हणतात. ती 2013 साली आली. त्याआधी मदत कक्षातून एक कार्ड मिळायचं आणि त्याचा इतका गैरवापर झाला की श्रीमंत कुटुंबं रांग चुकवायला अपंग माणूस भाड्याने घेऊन जातात अशा बातम्या अमेरिकेत छापून आल्या. वाचून मला आधी राग आला आणि मग दर काय असेल याची उत्सुकता वाटली. 2024 पासून ही सोय मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अडचणींमुळे रांगेत फार वेळ थांबू न शकणाऱ्यांसाठी ठेवली आहे. जायच्या आधी व्हिडिओ कॉलवर त्यांच्या माणसाशी बोलायचं, अडचण सांगायची. पास मिळाला तर एका वेळी एकाच राइडची वेळ घेता येते, आणि तोवर मूल कुठेही शांत जागी बसू शकतं. वेळ वाचत नाही; गर्दी, आवाज आणि अंगाला घासणारी माणसं वाचतात. भाचीच्या शेजाऱ्यांचा नऊ वर्षांचा मुलगा असा जातो. मात्र पोटाचे विकार, संधिवात वगैरे असलेले अनेक जण, ज्यांना पूर्वी ही सोय मिळायची, ते या बदलावर नाराज आहेत. ते बरोबरच आहेत असं मला वाटतं. ज्याला दर वीस मिनिटांनी संडास गाठावा लागतो, त्याला रांगेतून बाहेर जाऊन परत यायची मुभा आहे. पण एकटाच आलेला माणूस परत कुणाजवळ येणार?

पहिली राइड, सफारी. 110 एकरांचं माळरान आणि त्यात उघडा ट्रक. व्हीलचेअरवाल्यांना वेगळ्या फलाटावर नेतात, ट्रक फलाटाला लागतो, मधे फळी पडते आणि आपण खुर्चीसकट आत. चाकं अडकवली, कुबडी भाचीकडे, निघालो. आणि काय रस्ता! अस्सल खड्डे, चाकोऱ्या, गचके. मी मनात म्हटलं, हा तर आमचा म्हैसाळ रोड. जावयांनी सांगितलं की हे खड्डे मुद्दाम केले आहेत. काँक्रीट ओलं असतानाच त्यावर चाकोऱ्या उमटवल्या, रंग मातीचा दिला, आफ्रिकेत आल्यासारखं वाटावं म्हणून. आपल्याकडे ही कला फुकट उपलब्ध आहे. जिराफ इतका जवळ आला की त्याच्या जिभेचा काळसर रंग दिसला. वीसेक मिनिटं मी कुणाचीही चप्पल न धरता बसलो होतो.

तिथून पुढे आनंदपूर नावाचं एक खोटं गाव वसवलंय, थोडं नेपाळचं, थोडं आपलं. पोपडे उडालेल्या भिंती, लोंबणाऱ्या वायरी, जुन्या सायकली. अमेरिकन लोक कौतुकाने फोटो काढत होते. मला मिरज स्टेशनबाहेरचा बोळ आठवला, फक्त इथे त्या बोळाला उतार होता आणि पायरी एकही नव्हती. त्या भागातली वाघांची पायवाट खुर्चीवरून पूर्ण होते. घाई करू नका.

एक गोष्ट तुम्हाला सुरुवातीला खटकेल. तिथला कुणीही कर्मचारी तुम्हाला उचलत नाही, बसवत नाही. त्यांना तशी परवानगीच नाही. वाट दाखवतील, राइड थांबवायची सोय असेल तिथे थांबवतील, पण हात लावणार नाहीत. मला आधी हे कोरडं वाटलं. आपल्याकडे रिक्षातून उतरायच्या आत तीन जण धावतात. एक कुबडी ओढतो, एक दंडाला धरतो, तिसरा "सावकाश, सावकाश" ओरडतो, आणि या मदतीत मी आजवर दोनदा पडलोय. दुपारपर्यंत लक्षात आलं की सकाळपासून मला एकाही अनोळखी माणसाने हात लावलेला नाही आणि मी एकदाही पडलेलो नाही. पण ज्यांना उचलूनच ठेवावं लागतं, त्यांनी आपलं उचलणारं माणूस सोबत न्यावं. आणि त्या माणसाचंही पूर्ण तिकीट काढावं लागतं. अपंगाला तिकिटात सवलत नाही, सोबत्यालाही नाही. एका दिवसाचं तिकीट माणशी शंभर डॉलरच्या वरच पडतं, तारखेप्रमाणे बदलतं. आपल्या रेल्वेत माझ्यासोबतच्याला स्लीपरला पंचाहत्तर टक्के सूट आहे, हे जावयांना अभिमानाने सांगितलं.

आता गंमत ऐका. अ‍ॅनिमल किंगडममध्ये पँडोरा म्हणून भाग आहे, 2017 साली उघडलेला. तिथल्या अंधारातल्या नावेत बसायचं तर खुर्ची सोडावी लागते. आणि मॅजिक किंगडममध्ये बाहुल्यांची जी नाव आहे, ‘स्मॉल वर्ल्ड’ची, मूळ 1964 च्या न्यूयॉर्कच्या जत्रेसाठी बनवलेली, ऑरलँडोत 1971 पासून चालू असलेली, तिच्यात खुर्चीसकट जाता येतं. जुन्या राइडमध्ये पुढे वेगळी नाव घातली आणि नव्यात घातली नाही! याचं कारण तिकडच्या नियमात आहे. 2010 च्या मानकांनुसार नव्या राइडला खुर्चीची जागा, सरकून बसायचं आसन किंवा सरकवायचं साधन, यातलं एक दिलं तरी चालतं. म्हणजे नियम पाळूनही माझ्या सांगलीच्या एका मित्राला, ज्याचा कमरेखालचा भाग पूर्ण गेलाय, ती नवी नाव सोबतीशिवाय अवघडच. मी मात्र सरकलो. नावेचा काठ खाली आहे, उतरताना सोपं, वर येताना दंडांची परीक्षा.

बाहुल्यांच्या नावेसाठी खुर्चीवाली नाव फिरून येईपर्यंत थांबावं लागलं, पण उतारावरून थेट आत गेलो. आत ताजमहाल आला तेव्हा भाचीच्या पोराने टाळ्या वाजवल्या. गाणं मात्र एकच, दहा मिनिटं. रात्री स्वप्नातही तेच.

पीटर पॅनच्या उडत्या जहाजाला मी बाहेर राहिलो. तिथे सरकत्या पट्ट्यावर चालत जाऊन बसावं लागतं आणि पट्टा थांबत नाही. तसं आधीच स्पष्ट सांगितलेलं असतं, वाद नाही. सगळ्यांनी सवयीने बॅगा माझ्या मांडीवर ठेवल्या आणि गेले. अर्धा तास मी पुन्हा पाळण्याखालचा मामा. फरक एवढाच की हे आधी ठाऊक होतं. आपल्याकडच्या एका मोठ्या पार्कात, नाव लिहीत नाही, मी पूर्ण तिकीट काढून आत गेलो होतो आणि प्रत्येक राइडच्या तोंडाशी मला कळत होतं: "काका, रिस्क आहे, तुम्ही इथंच बसा." सहा राइड, सहा वेळा. ‘इथंच’ म्हणजे उन्हात. 2016 चा आपला कायदा चांगला आहे, एकवीस प्रकारची अपंगत्वं त्यात आहेत. राइडच्या तोंडाशी उभ्या असलेल्या त्या पोराला त्याबद्दल कुणी सांगितलेलं नव्हतं, एवढंच.

मॅजिक किंगडमला पार्किंगपासून मोनोरेलने किंवा बोटीने जातात. बोट घ्या. मोनोरेलला फळी लावतात, अडचण नाही, पण स्टेशनचा चढ ढकलणाऱ्याचा घाम काढतो. बोटीत सपाट चढायचं आणि समोर तळ्यापलीकडे किल्ला हळूहळू मोठा होत जातो. परेडसाठी व्हीलचेअरवाल्यांना वेगळी जागा राखलेली असते, पण ती लवकर भरते. लवकर म्हणजे खरंच लवकर.

आता शेवटचं, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. संडास. बाहेर जायचं असलं की मी आदल्या रात्री नऊपासून पाणी कमी करतो. सकाळी चहा अर्धा कप. अपंगांना हे समजावून सांगावं लागत नाही, इतरांना सांगून कळत नाही. लग्नाचा हॉल असो की तहसील कचेरी, खुर्ची आत जाईल असं दार मिळेलच याचा भरवसा नसतो, म्हणून तहानच मारायची. डिस्नीत ‘सोबत्यासह’ अशी वेगळी स्वच्छतागृहं आहेत, एक प्रशस्त खोली, आत खुर्ची गर्रकन फिरते, बायको मदतीला आत येऊ शकते आणि बाहेर कुणी भुवया उंचावत नाही. दर ठिकाणी नाहीत, पण नकाशावर दाखवलेली आहेत. मी दोन दिवसांत चार वापरली. चारही कोरडी होती, चारही ठिकाणी आडवी दांडी हाताला हवी तिथेच होती, आणि एकाही खोलीत झाडू-बादल्या ठेवलेल्या नव्हत्या.

शिवाय तिथल्या साध्या खाण्याच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाचं पाणी फुकट देतात. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत मी जुन्या सवयीने राहिलो. मग एक पेला घेतला. मग दुसरा. दुसऱ्या दिवशी मोजलेच नाहीत. टँपाला परत जाताना भाचीला हायवेवर दोनदा गाडी थांबवायला लावली.