जुन्या राजवाड्याच्या भिंतीला कोणता चुना? बाजारातल्या तीन प्रकारांचे परीक्षण

पोत्यातला हायड्रेटेड चुना, म्हणजे आधीच विरवलेल्या चुन्याची कोरडी पावडर, सफेदीसाठी चांगला आहे. संभाजीनगरच्या किलेअर्क किंवा नौखंड्यासारख्या वास्तूच्या गिलाव्यात मात्र तो पोते फोडून थेट मिसळू नका. त्यासाठी कळीचा चुना, म्हणजे भाजलेल्या चुनखडीचे खडे, आणा आणि जागेवरच पाण्यात विरवा. कटकट वाढते, वेळ जातो, पण भिंत टिकते. हेच मत खाली कारणांसह मांडले आहे.

नौखंडा मलिक अंबरने 1616 मध्ये बांधला. किलेअर्क 1692 मध्ये औरंगजेबाच्या निवासासाठी उभा राहिला. दोन्ही त्या त्या काळच्या सत्ताधीशांची राहती ठिकाणे, आणि दोन्हींच्या वाट्याला पुढे दुर्लक्षच आले. किलेअर्कच्या आवारात आज शासकीय महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी दुरुस्ती निघाली की पहिला मोह सिमेंटचा होतो, आणि नेमके तेच घातक ठरते. काळा बसाल्ट पाणी फारसे पीत नाही. ओल चढते ती दगड-विटांमधल्या सांध्यांतून म्हणजे दर्जांतून, विटांतून आणि भिंतीच्या पोटातल्या चुन्यातून. चुन्याचा गिलावा ही ओल बाहेर सोडतो. सिमेंट तिला कोंडते, मग ओल आणखी वर चढते आणि क्षार सिमेंटच्या मागे साठत जातात. दोन-तीन पावसाळ्यांनंतर बोटाच्या पेराने वाजवून पाहा: आवाज पोकळ येतो, आणि पापुद्रा निघतो तेव्हा जुन्या विटेची साल सोबत घेऊनच निघतो. गावाकडे लोक म्हणतात ‘भिंतीला लोणा लागला’. हा लोणा कोंडलेल्या पाण्याने लागतो, त्यामुळे वरून रंग मारून तो जात नाही.

आता पहिला प्रकार, पोत्यातला हायड्रेटेड चुना. हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. पांढराशुभ्र, मऊ, चाळायची गरज नाही. 25 किलोचे पोते आकारमानाने साधारण 40 ते 50 लिटर भरते, हे लक्षात ठेवा, कारण गवंडी घमेल्याने मोजतो आणि कोरडा चुना भुसभुशीत असल्याने माप फसते. पोत्यावर आयएस 712 (बांधकामाच्या चुन्याचे भारतीय मानक) आणि वर्ग सी छापलेला पाहूनच घ्या. खरी अडचण मात्र शिळेपणाची आहे. हा चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत पोत्यातच परत चुनखडी होऊ लागतो. गोदामात पावसाळा काढलेले पोते पाहून ते ओळखता येत नाही. चमचाभर पावडर पाण्यात कालवून त्यात लिंबू पिळा. किंचित बुडबुडे आले तर चालेल. जोरात फसफसला तर तो चुना मेला, त्याने भिंत धरणार नाही. दुकानदाराला विचारत बसण्यापेक्षा दुकानातच ही परीक्षा करा.

ताजा असला तरी कोरड्या हायड्रेटेड चुन्याला चिकटपणा कमी असतो. थापीवर तो वाळूपासून सुटतो, भिंतीवर मारला की खाली झरतो. दुसरा पर्यायच नसेल तर निदान 24 तास, शक्यतो आठवडाभर, पाण्यात भिजवून मग वापरा. फरक हाताला लगेच कळतो. दर्जा भरायला असा भिजवलेला चुना चालून जातो. गिलाव्यासाठी तो आमच्या लेखी दुय्यमच.

दुसरा प्रकार कळीचा चुना, आणि आमची पसंती यालाच. मराठवाड्यात तो शोधायची युक्ती सोपी आहे: साखर कारखान्याला चुना कोण पुरवतो ते विचारा. उसाचा रस स्वच्छ करायला कारखान्यांना कळीचा चुना लागतोच, त्यामुळे हंगामात चांगला, ताजा माल आपल्या भागात येतोच. खडे हलके असावेत आणि एकमेकांवर आपटले की खणखणावेत. पोत्याच्या तळाशी भुगा जास्त असेल तर मालाने हवा खाल्ली आहे. किलोभर खडे लोखंडी बादलीत पाण्यात सोडून पाहा. काही मिनिटांत सूं-सूं आवाज, वाफ आणि उकळी यायला हवी. विरल्यावर गाळून उरलेले कच्चे खडे तोला. 100 ग्रॅमपेक्षा जास्त भरले तर तो लॉट परत करा.

विरवताना पाणी आधी, चुना नंतर. खड्यांच्या ढिगावर वरून पाणी ओतले की गरम चुना अंगावर उडतो. प्लॅस्टिकचे पिंप वापरू नका, उष्णतेने ते वितळते. डोळ्यांना गॉगल, हातात रबरी मोजे, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची बादली हवीच. चुना डोळ्यात गेला तर भरपूर पाण्याने धूत राहा आणि थेट दवाखाना गाठा.

उकळी थांबली की फावड्याने ढवळा आणि बारीक जाळीतून हौदात गाळा. वर चार बोटे पाणी कायम राहू द्या, म्हणजे हवा लागत नाही. असे मुरवायला 15 दिवस हा अगदी कमीत कमी काळ. तीन महिने ठेवलात तर उत्तम. घाई केली की काय होते ते गिलाव्यावर स्पष्ट दिसते: न विरलेला कण भिंतीत गेल्यावर उशिरा फुगतो आणि वरचा थर शंकूसारखा उडवतो. खड्ड्याच्या तळाशी पांढरा ठिपका दिसला तर समजावे की दोष गवंड्याच्या हाताचा नाही, हौदातल्या घाईचा आहे.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आपल्या काळ्या जमिनीत सापडणाऱ्या चुनखडीच्या खड्यांत मातीचा अंश असतो, म्हणून त्यांच्यापासून भाजलेला चुना पाण्यातही काही प्रमाणात आवळतो, म्हणजे घट्ट होतो. कारखान्याचा चुना अतिशुद्ध असल्याने त्याला हा गुण नाही. ही कमतरता सुरखीने, म्हणजे विटेच्या भुकटीने, भरून काढायची. सुरखीसाठी कमी भाजलेली, नारिंगी, मातीची वीट घ्या. भट्टीत जळून काळी पडलेली किंवा फ्लाय अ‍ॅशची वीट उपयोगाची नाही, आणि पाडकामातले सिमेंट चिकटलेले राबिट तर अजिबात नको. वाळूची परीक्षा बाटलीत होते: अर्धी बाटली वाळू, पाणी, चिमूटभर मीठ, हलवून ठेवा. वर बसलेला गाळ वाळूच्या आठ टक्क्यांहून जास्त असेल तर वाळू धुवा.

पहिल्या थरासाठी एक भाग मुरवलेला चुना, एक भाग सुरखी, दोन भाग वाळू, सगळे घमेल्याच्या मापाने. 20 मिलीमीटर जाडीच्या 100 चौरस मीटर गिलाव्याला साधारण 650 लिटर मुरवलेला चुना लागतो, म्हणजे सुमारे 400 किलो कळी. चुन्याची घाणी, म्हणजे माल रगडायची चक्की, मिळाली तर माल तिच्यातच मळा. मिक्सरमध्ये तो नुसता कालवला जातो, रगडला जात नाही. मळताना पाणी वाढवण्याचा मोह टाळा, तडे तिथूनच येतात. गूळ, बेलफळ, हिरड्याचे पाणी घालण्याची पद्धत जुनी आणि उपयोगी आहे, पण गूळ जास्त झाला की माल आवळायला फार वेळ घेतो. आधी नमुना करून प्रमाण ठरवा. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेचे धागे सापडले आहेत. तागाचे बारीक कापलेले धागे आजही पहिल्या थरात तडे कमी करतात.

एका वेळी 10 ते 12 मिलीमीटरपेक्षा जाड थर देऊ नका. भिंत आदल्या दिवशी भिजवा. दुसरा थर पहिला घट्ट झाल्यावरच. ओली पोती किमान आठवडाभर टांगून ठेवा, कारण चुना घट्ट होतो तो हवेने, आणि त्यासाठी त्याच्यात ओल टिकावी लागते. एप्रिल-मेच्या 40 अंशांपुढच्या उन्हात तो नुसता वाळतो. हात फिरवला की पीठ निघते. कामाचा काळ ऑक्टोबर ते फेब्रुवारी. बीबीच्या मकबऱ्यात संगमरवर खालच्या पट्ट्याला आणि घुमटाला आहे, मधल्या भागाचा पांढरेपणा चुन्याच्या गिलाव्याचा आहे. चांगल्या चुन्याच्या घोटाईतून काय साधते ते तिथे जाऊन पाहता येते.

तिसरा प्रकार बादलीतला तयार मुरवलेला चुना. प्रत बरी असते, छोट्या डागडुजीला सोयीचा, मोठ्या कामाला परवडत नाही. आयात केलेला नैसर्गिक हायड्रॉलिक चुना, म्हणजे पाण्यातही आवळणारा चुना, सतत ओल राहणाऱ्या पायथ्याला चालेल. बाकी भिंतीसाठी सुरखी असताना तो खर्च कशाला?

पाचपैकी गुण: कळी साडेचार, बादलीतला तयार चुना तीन, पोत्यातला भिजवून अडीच आणि कोरडा वापरला तर एक.

खरेदीआधी दोन कामे उरका. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व खात्याची लेखी परवानगी. आणि छत, माळवद, पन्हाळे आधी दुरुस्त करा, पिंपळाची मुळे ओढून न काढता कापून मारा. वरून पाणी येत असेल तर कुठलाही चुना पुरत नाही. मग आडोशाच्या भिंतीवर मीटरभर चौरस नमुना मारा आणि एक पावसाळा जाऊ द्या. तडा, फोड किंवा पीठ दिसले नाही तरच पूर्ण मालाची ऑर्डर द्या.