लोम्बार्डीज की जोज्? मॅनहॅटनमधला पिझ्झा

स्प्रिंग स्ट्रीटवरचं लोम्बार्डीज हे १९०५ पासूनचं नाव; मधली दहा वर्षं, १९८४ ते १९९४, बंद होतं. भट्टी दगडी कोळशाची, त्यामुळे तळ काही मिनिटांत कुरकुरीत होतो आणि त्यावर काळे ठिपके उठतात. असा तळ जोज्कडे मिळणार नाही. पण ताज्या मोझरेला चीजला पाणी सुटतं. ताट आलं की लगेच खा, नाहीतर मधला भाग भिजतो. स्लाइस मिळत नाही, अख्खाच घ्यावा लागतो.

एकटे असाल तर कार्माइन स्ट्रीटवर जोज् गाठा, १९७५ मध्ये सुरू झालेलं. साधी चीज स्लाइस लांबीत दुमडून धरा: टोक लोंबत नाही. तेल मात्र घडीतून ओघळतं, म्हणून कागदी प्लेट खाली हवीच. गर्दीच्या वेळी जा, तेव्हा स्लाइस थेट ओव्हनमधून येते. पुन्हा गरम केली की कड चिवट होते.