ताडोबा की मेळघाट? मुलांच्या पहिल्या जंगलवारीसाठी

दिवाळीची सुट्टी जवळ आली की आईबाबांची विचारणा सुरू होते: मुलांना जंगल दाखवायचंय, ताडोबाला जावं की मेळघाटला? माझं उत्तर मुलाच्या वयावर अवलंबून असतं. सहा-सात वर्षांचं असेल तर ताडोबा. दहाच्या पुढचं असेल तर मेळघाट. मधल्या वयाचं मूल किती वेळ शांत बसू शकतं, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही, तेव्हा ते तुम्हीच ठरवा.

चंद्रपूर जिल्ह्यातलं ताडोबा 1955 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. सागवान आणि बांबूचं जंगल, मधे तलाव, आणि रस्त्यावरूनच जनावर दिसण्याची मोठी शक्यता. लहान मुलांच्या बाबतीत ही शक्यता फार मोलाची. पहिल्या तासाभरात चितळांचा कळप, एखादा सांबर, चिखलात उभा असलेला रानगवा दिसला की मूल खुलतं आणि पुढचे तीन तास टिकतं. ताडोबा तलावाच्या काठावर ऊन खात पडलेली मगर तर मुलांना हटकून आवडते.

अडचण होते ती वाघाच्या नादामुळे. कॉल, म्हणजे वाघ पाहून हरणं-माकडं देतात तो इशारा, आला की सगळ्या जिप्सी एकाच दिशेने सुटतात, धूळ उडते, आणि गर्दीत मुलाला दिसते फक्त पुढच्या गाडीची पाठ. त्या धावपळीत रानकुत्र्यांसारखं जनावर मागे राहतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. जगभरच्या संकटग्रस्त प्राण्यांच्या यादीत रानकुत्रा वाघाच्याच वर्गात आहे. तो भुंकून नाही, शीळ घातल्यासारखा आवाज काढून साथीदारांना बोलावतो. शिकारीहून परतलेले मोठे कुत्रे पोटातलं मांस ओकून पिल्लांना भरवतात, आणि हे काम कळपातले इतरही करतात. हे ऐकल्यावर मुलं जो प्रश्नांचा भडिमार करतात तो ऐकण्यासारखा असतो. गाईडला सफारी सुरू होण्याआधीच सांगून ठेवा: रानकुत्री दिसली तर थांबायचं, वाघामागे पळायचं नाही. बहुतेक गाईड हे आनंदाने ऐकतात.

कोअरचं, म्हणजे जंगलाच्या गाभ्याचं, बुकिंग मिळालं नाही तर हिरमुसू नका. आगरझरी, जुनोना, देवाडा या बाजूंच्या बफर (गाभ्याभोवतालच्या पट्ट्यातल्या) सफारीतही वाघ, अस्वल, बिबट्या दिसतात आणि लहान मुलांसाठी मला बफरच सोयीची वाटते. मंगळवारी ताडोबा बंद असतं, पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअर बंद. एप्रिल-मेमध्ये पाणवठ्यांवर जनावरं जास्त दिसतात हे खरं, पण चंद्रपूरचा उन्हाळा 45 अंशांच्या पुढे जातो. मूल लहान असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीच बरा. पहाटेच्या उघड्या जिप्सीत थंडी बोचते, म्हणून स्वेटरवर एक चादर हवीच.

मेळघाटचा स्वभाव वेगळा. अमरावतीच्या सातपुड्यात, 1973-74 मध्ये जाहीर झालेल्या देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी हा एक. ताडोबाहून विस्ताराने बराच मोठा, डोंगर-दऱ्यांचा. इथे वाघ सहसा दिसत नाही, आणि हे मुलाला निघण्याआधीच स्पष्ट सांगा, म्हणजे परतताना रडारड होणार नाही.

मग न्यायचं कशाला? सेमाडोह किंवा कोलकासला सिपना नदीजवळ राहायला, आणि इथल्या कोरकू आदिवासी गाईडबरोबर जंगल वाचायला. पायाचा ठसा दिसला की चांगला गाईड गाडी थांबवून दाखवतो: कडा अजून धारदार आहेत का, ठशावरून किड्याची रेघ गेली आहे का, वर पान पडलंय का. रेघ असेल तर वाघ येऊन गेल्याला बराच वेळ झाला. दहा-अकरा वर्षांचं मूल यात असं गुंततं की दुसऱ्या दिवशी ठसे तेच आधी शोधतं.

आणि रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड. 1884 नंतर त्याची पक्की नोंदच नव्हती, तो नामशेष झाला असं मानलं जायचं. 1997 मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात तो पुन्हा सापडला, 113 वर्षांनी. आज मेळघाट हा त्याचा मोठा आसरा आहे. हा पिंगळा दिवसाही वावरतो, उघड्या फांदीवर बसून सरड्यांवर नजर ठेवतो. नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ठळक पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर जवळजवळ नसतात. दुर्बीण मुलाच्या हातात द्या आणि एवढी एकच खूण सांगा.

मोठ्या मुलांना आणखी एक गोष्ट दाखवावी, ती दोन्हीकडे आहे. मेळघाटात बोरी, कोहा, कुंड ही गावं जंगलाबाहेर हलवली गेली. ताडोबात नवेगाव आणि जामणी. जिथे घरं आणि शेतं होती तिथे आता गवत आहे, त्यावर चितळ चरतात, मागोमाग वाघ येतो. आपल्याला दिसणाऱ्या वाघासाठी कुणीतरी गाव सोडलंय, हे मुलांना कळायला हवं आणि त्या वयात ते कळतं.

मेळघाटला जाताना दोन बाबतींत सावध राहा. परतवाड्यापासूनचा घाट वळणांचा आहे, गाडी लागणाऱ्या मुलांना निघण्याआधी पोटभर खाऊ घालू नका. आणि मोठा दवाखाना, मेडिकल दुकान हे सगळं मागे परतवाड्यालाच राहतं, मोबाईलची रेंजही जवळपास नसते. ताप, उलटी, जुलाबाची औषधं बरोबर ठेवा. तब्येतीने नाजूक मूल असेल तर वय काहीही असो, ताडोबाच निवडा. चंद्रपूर शहर ताडोबाच्या मोहर्ली गेटपासून तासाभराच्या अंतरावर आहे.

खर्चात मेळघाट हलकं पडतं, कारण वनविभागाची साधी निवासस्थानं मिळतात. ताडोबाच्या मुख्य गेटांजवळ रिसॉर्टचे दर सुट्टीत चांगलेच चढतात. कुठेही जा, दोन सफारींमध्ये एक अख्खी दुपार मोकळी ठेवा. दमलेल्या मुलाला तिसऱ्या सफारीला ओढून नेलं की ते जिप्सीत झोपतं, आणि पैसे जातात.