नेरुळच्या रो-हाउसमध्ये पावसाळी पाण्याची टाकी, शोषखड्डा आणि अळूचा वाफा: नऊ महिन्यांनंतर

मागच्या मे महिन्यात काम केलं, आता फेब्रुवारी. अख्खा पावसाळा बघितल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण मेमध्ये सगळंच छान दिसतं.

घर नेरुळ पश्चिमेला, खाडीच्या बाजूला, सिडकोचं जुनं रो-हाउस. 500 चौरस फुटांच्या गच्चीचं पाणी 1000 लिटरच्या टाकीत, टाकी भरली की अंगणातल्या शोषखड्ड्यात. शिवाय पुढचे निम्मे पेव्हर ब्लॉक उखडून तिथे खोलगट वाफा.

शोषखड्ड्याचं आधी सांगते, पैसे तिथेच बुडाले. पाच फूट खणून खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू. जूनमध्ये पाणी गटागटा प्यायचा. जुलैत झाकण उघडलं तर काठोकाठ भरलेला, उतरायचं नाव नाही. आमची भरावाची जमीन, पावसाळ्यात जमिनीतलंच पाणी वर आलेलं. आधीच भरलेला खड्डा आणखी काय पिणार? ठेकेदाराने खणण्याआधी पातळी बघितली नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही. तुमचं घर पारसिक डोंगराच्या उतारावर असेल तर गोष्ट वेगळी, पण तिथे काळा कातळ लागतो का ते बघा. भर पावसाळ्यात हातभर खड्डा खणा, बादलीभर पाणी ओता, दुसऱ्या दिवशी उरलं असेल तर नाद सोडा.

टाकीचं गणित सोपं आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, म्हणजे आमच्या गच्चीवर इंचभर पडला की टाकी भरली. आपल्याकडे इंचभर पडायला कितीसा वेळ लागतो! भरलेली टाकी बघून आधी आनंद व्हायचा. मग कळलं, मुसळधार पावसात रिकामी टाकीच कामाची. साडेचार मीटरच्या वर भरती असली की नाल्याचं पाणी खाडीत जायला वाव नसतो, तेव्हाच अंगण तुंबतं. म्हणून भरतीच्या वेळा पेपरात बघून ओहोटीला नळ सोडते. नवरा म्हणतो, तू सिडकोचा होल्डिंग पाँड झालीस, म्हणजे भरतीला पावसाचं पाणी धरून ओहोटीला खाडीत सोडणारा तलाव.

उन्हाळ्याची सोय म्हणून मात्र घेऊ नका. दिवाळीनंतर झाडं आणि गाडी धुण्यात टाकी आठवड्यात आटली.

पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी बाहेर सोडायचं, कारण गच्चीवर कबुतरं. टाकीच्या तोंडाला डासांची जाळी हवीच.

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाचा निघाला वाफा. अंगणापेक्षा सहा इंच खाली, त्यात कर्दळ आणि अळू. जमीन भरलेली असली तरी पाणी तिथे थोपतं आणि गटारात सावकाश जातं. सासूबाई हसल्या, "यात नवीन काय गं? आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर अळू असायचंच." दरवर्षी पायरीला लागणारं पाणी या वेळी दोनदाच लागलं. दोन्ही वेळा टाकी रिकामी करायची राहून गेली होती.

येत्या मेमध्ये शोषखड्डा बुजवून तिथे दुसरा वाफा करणार आहे. ठेकेदार नको, कुदळ घरात आहे.